ऋतूचा रोजनामा : एका आक्षेपास उत्तर

कोंढ्यासारख्या गावी राहणाऱ्या माणसाने माघापासून वैशाखापर्यंत आपल्या घरापुढच्या त्याच त्या रस्त्याचे, आखरावरच्या त्याच त्या पिंपळाचे आणि पांदणीच्या कडेच्या त्याच त्या पळसाचे रोज एक छायाचित्र घ्यावे, त्यावर तारीख घालून ते जपून ठेवावे आणि वसंताच्या आगमनाची ही नोंद आहे असे म्हणावे, ही गोष्ट आमच्या परिचयाच्या एका बहुश्रुत वयोवृद्ध गृहस्थांना मुळीच मानवली नाही. आणि ती का मानवली नाही याची कैफियत त्यांनी इतक्या आस्थेने मांडली की, तिला मौनाने वाटेस लावणे हा त्यांच्या व्यासंगाचा व वयाचाही अनादर झाला असता. त्यांचे म्हणणे असे की, छायाचित्र घ्यावयाचे ते असामान्य वस्तूचे. पवनीस जुना कोट आहे, वैनगंगेवरचे घाट आहेत, १९६९-७० च्या उत्खननात उजेडात आलेला जगन्नाथ टेकडीचा स्तूप आहे. नवेगावबांधास विस्तीर्ण जलाशय आहे आणि कऱ्हांडल्याच्या रानात वाघ आहे. तेथे जाऊन कोणी यंत्र रोखले तर त्यास काही अर्थ आहे. परंतु भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या प्रवाशाला अड्याळ मागे पडल्यावर जे गाव बसच्या खिडकीतून क्षणभर दिसते आणि पुढच्या क्षणी विस्मरते, त्या कोंढ्यात रोज नवे असे काय घडते? शिवाय वसंत हा संस्कृत कवींच्या वाट्याचा ऋतू. आमच्याकडे थंडी सरली की ऊन लागते, आणि ऊन लागले की ते मृगापर्यंत हटत नाही. तेव्हा जो ऋतू येतच नाही त्याच्या आगमनाचे चित्र घेणार तरी कसे? कुठेही जा, पळसाला पाने तीनच, असे म्हणून त्यांनी आपले भाषण संपवले.

त्या म्हणीपासूनच उत्तराला आरंभ करणे मला सोयीचे वाटते, कारण त्यांच्या साऱ्या युक्तिवादाचा पाया तीच आहे. आमच्या जिल्ह्यात पळसाची वाण नाही. बांध्यांच्या धुऱ्यांवर, बोड्यांच्या पाळींवर, पडीत जमिनीवर, जेथे दुसरे झाड जीव धरीत नाही तेथेही तो उभा असतो, आणि म्हणून त्याच्याविषयी आपल्याला सर्व काही ठाऊक आहे असा समज प्रत्येकाने करून घेतलेला असतो. परंतु फाल्गुनात, म्हणजे पळस ज्याकरिता पळस म्हणून ओळखला जातो त्या नेमक्या काळात, त्याला तीन पाने नसतात. पुष्कळदा एकही पान नसते. जुनी पाने जीर्ण होऊन गळालेली असतात, वेड्यावाकड्या उघड्या फांद्यांवर काळपट तपकिरी, मखमली लव असलेल्या कळ्यांचे घोस धरलेले असतात, आणि त्या कळ्या टोकाशी उकलून आतला केशरी रंग बाहेर पडू लागतो. ही अवस्था एका रात्रीत येत नाही. आज एका फांदीचे टोक पेटते, चार दिवसांनी दुसऱ्या फांदीचे. आणि त्याच धुऱ्यावरचा शेजारचा पळस, ज्याची मुळे त्याच मातीत आहेत आणि ज्यावर तेच ऊन पडते, तो अजून कळ्या मिटून उभा असतो. जो माणूस पळसाला वर्षभर तीनच पाने मोजतो त्याने फाल्गुनातला पळस पाहिलेला असतो हे खरे, परंतु तो पाहताना त्याने म्हण आठवलेली असते; झाडाकडे त्याचे लक्ष गेलेले नसते. सगळीकडे सारखेच असते हा निष्कर्ष दोन ठिकाणे दोन वेळा न्याहाळल्यावाचून काढता येत नाही, आणि न्याहाळण्यापूर्वीच जो काढला जातो त्याला अनुभवाचे नाव देता येणार नाही.

आता विदर्भात वसंत नाही या विधानाचा विचार करू. हे विधान केवळ आमच्या या स्नेह्यांचे नाही; ते शाळेतून, पाठ्यपुस्तकांतून आणि शहरातून आलेल्या वर्णनांतून आमच्या मनावर इतके ठसले आहे की, येथील शिकलेला माणूससुद्धा स्वतःच्या अंगणातील प्रत्यक्षापेक्षा त्याच्यावरच अधिक विश्वास ठेवतो. पानगळ एका ऋतूत व्हावी, मग झाडांनी काही महिने निष्पर्ण राहावे, नंतर कोवळी पालवी फुटावी आणि तिच्यामागून फुले यावीत, हा क्रम थंड प्रदेशांतला आहे. तेथे पानगळ शरदात आणि पालवी वसंतात, आणि मध्ये हिमाची भिंत. आमच्या शुष्क पानझडी रानाची व्यवस्था निराळी आहे. येथे पानगळ आणि बहर हे दोन्ही एकाच दोन-अडीच महिन्यांत एकमेकांत गुंतून येतात. काटेसावर पानांवाचून लाल फुलांनी भरते. मोहाची पाने गळतात, त्याच्या फांद्यांच्या टोकांशी कळ्यांचे झुबके धरतात, पहाटेच्या अंधारात ती फिकट पिवळसर रसाळ फुले खाली पडू लागतात आणि त्याच सुमारास तांब्याच्या रंगाची पालवी वर निघते. कुसुमाची कोवळी पाने इतकी लाल असतात की दुरून पाहणाऱ्याला झाड फुलले आहे असा भास व्हावा. पिंपळ जुनी पाने टाकून गुलाबी-तांबूस लुसलुशीत पानांनी काही दिवसांतच भरून येतो. कडुनिंब एका अंगाने पिवळी पाने झाडीत असतो आणि दुसऱ्या अंगाने पालवत असतो, आणि थोड्याच दिवसांनी त्याच्या बारीक पांढऱ्या फुलांचा सडा अंगणात पडू लागतो. साग मात्र या साऱ्या गलबल्यात उघडाच राहतो. ज्याने वसंत म्हणजे हिरवळ अशी व्याख्या मनाशी धरली आहे, त्याला हे सारे ओसाड दिसेल यात नवल नाही. परंतु ती व्याख्या येथे जन्मलेली नाही, आणि परक्या मापाने घरचे धान्य मोजून कोठारात तूट आहे अशी फिर्याद करणे न्याय्य होणार नाही.

या गुंतागुंतीतच रोजच्या छायाचित्राचे खरे प्रयोजन आहे. एकाच झाडावर गळणारे पान, कळी, फूल आणि पालवी अशा चार अवस्था एका वेळी वावरत असता, त्यांतली कोणती केव्हा सुरू झाली आणि कोणती केव्हा ओसरली हे एखाद-दुसऱ्या भेटीत उमजत नाही. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधच्या रानात वर्षानुवर्षे राहून पक्ष्यांच्या व झाडांच्या हालचालींची टिपणे ठेवली, तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यातच मोडत होता (गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी); दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले ते बारा महिन्यांच्या निरीक्षणाच्या बळावर. या दोघांच्या प्रतिभेचा वारसा आम्हां सामान्यांना सांगता येणार नाही. परंतु त्यांच्या लेखनाच्या मुळाशी जी चिकाटी आहे, त्याच जागी पुन्हा पुन्हा जाण्याची व आज काय बदलले ते विचारण्याची, ती काही प्रतिभेची मिरासदारी नव्हे. ती कोंढ्याच्या पांदणीवरही पाळता येते.

कोणी म्हणेल की, ऋतू केव्हा लागतो हे सांगायला पंचांग आहे. त्यासाठी छायाचित्रांचा खटाटोप कशाला? पंचांगाचाच दाखला द्यावयाचा तर तो पूर्ण द्यावा. परंपरेने चैत्र-वैशाख हे वसंताचे मास मानले गेले. परंतु वसंतसंपात स्थिर नसून तो नक्षत्रमंडलातून हळूहळू मागे सरकतो, आणि त्यामुळे आपल्या निरयन गणनेतील मास व प्रत्यक्ष ऋतू यांच्यात शतकानुशतके अंतर पडत गेले आहे, ही गोष्ट मराठी वाचकांना अपरिचित नसावी. केरूनाना छत्र्यांपासून शंकर बाळकृष्ण दीक्षितांपर्यंत, ज्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली निघाला, आणि लोकमान्य टिळकांपर्यंत आपल्याकडील थोर गणितज्ञांनी व पंडितांनी जो वाद मोठ्या तळमळीने लढविला, त्याचा गाभा हाच होता की, गणित आकाशाशी जुळले पाहिजे. ग्रंथात काय लिहिले आहे यापेक्षा डोळ्यांना काय दिसते याला अधिक प्रमाण मानले पाहिजे. पुढे मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने हे अंतर सुमारे तेवीस दिवसांचे झाले असल्याचे दाखवून दिले, आणि २२ मार्च १९५७ पासून जी राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली तिच्या रचनेत फाल्गुन-चैत्र हे वसंताचे महिने ठरवले. म्हणजे घरातल्या पंचांगाप्रमाणे वैशाख हा वसंत आणि सरकारी दिनदर्शिकेप्रमाणे तो ग्रीष्म. दोन दस्तऐवजांत अशी तफावत आढळली म्हणजे न्यायाधीश जागेवर जाऊन पाहणी करण्याचा हुकूम देतो. आणि आमच्या गावापुरती ती पाहणी आखरावरच्या पिंपळाखेरीज दुसऱ्या कोणापाशी करणार? आकाशाच्या बाबतीत ज्या प्रत्यक्षाचा आग्रह धरताना आमच्या पूर्वसूरींनी आयुष्ये वेचली, तो आग्रह जमिनीवरच्या झाडाच्या बाबतीत धरला की तो मात्र रिकामपणाचा उद्योग ठरावा, हे मला पटत नाही.

स्मरणावर विसंबून राहावे असाही एक पक्ष आहे, आणि तो खेड्यात फार प्रबळ आहे. ‘यंदा पळस लवकर फुलला’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो, आणि जो ते म्हणतो तो शपथेवर सांगायला तयार असतो. परंतु लवकर म्हणजे कशाच्या मानाने? बहुधा होळीच्या मानाने. आणि होळी ही चांद्र तिथी असल्यामुळे अधिकमासाच्या हिशेबाने ती कधी मार्चच्या आरंभी येते तर कधी अखेरीस. होळी उशिरा आली म्हणजे पळस लवकर फुललासा वाटतो, ती लवकर आली म्हणजे तो रेंगाळलासा वाटतो, आणि झाडाने बिचाऱ्याने कदाचित आपला दिवस बदललेलाही नसतो. ही स्मरणशक्तीची निंदा नव्हे. म्हाताऱ्या कास्तकारांना जे ठाऊक असते ते पुस्तकांत नाही. परंतु साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याच्या जबानीला कागदाचा आधार लागतो, हे महसुलाच्या दफ्तरात ज्याने एकदा तरी फेरफाराची नोंद शोधली आहे त्याला सांगावे लागणार नाही.

असा कागदाचा आधार जेथे सुदैवाने उरला, तेथे काय निष्पन्न झाले ते पाहावे. जपानातील क्योतो नगरीत चेरीचा बहर केव्हा आला याच्या नोंदी नवव्या शतकापासून दरबारी रोजनिश्यांत व बखरींत सापडतात. त्या लिहिणाऱ्यांपैकी कोणालाही हवामानशास्त्राची सेवा करावयाची नव्हती, त्यांना उत्सवाचा दिवस टिपावयाचा होता. परंतु २०२१ साली तो बहर २६ मार्च रोजी पूर्णत्वास पोहोचला, आणि त्याआधीच्या बाराशे वर्षांत तो इतका लवकर आल्याची नोंद नव्हती, हे सांगता आले ते त्या क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदींच्या जोरावर. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ साली वसंताच्या खुणा लिहून ठेवण्यास आरंभ केला, आणि त्याच्या वंशजांनी ते काम १९५८ पर्यंत चालवले. छायाचित्रापुरते बोलावयाचे तर अमेरिकेतील लोवेल येथील एका दफनभूमीचे ३० मे १८६८ रोजी घेतलेले चित्र मला सर्वांत बोलके वाटते. ते घेणाऱ्याचे लक्ष मृत सैनिकांच्या स्मरणविधीकडे होते. मागची झाडे चौकटीत आली ती केवळ तेथे उभी होती म्हणून. ती झाडे त्या चित्रात निष्पर्ण आहेत. २००५ साली त्याच तारखेला त्याच जागी संशोधकांनी चित्र घेतले तेव्हा झाडे पानांनी गच्च भरलेली होती. ज्या वस्तूकडे छायाचित्रकाराने पाहिलेही नव्हते तिची साक्ष एकशेसदतीस वर्षांनी सर्वांत महत्त्वाची ठरली.

आणि येथेच, असामान्याचेच चित्र घ्यावे या मुख्य आक्षेपाकडे मला यावयाचे आहे. कारण त्याचे उत्तर परदेशातून आणण्याची गरज नाही, ते आमच्या तालुक्यात वैनगंगेच्या पाण्याखाली आहे. गोसीखुर्दच्या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते बसविण्यात आली. कालांतराने नदी अडली, पाणी तुंबले, आणि पवनी, भंडारा व पलीकडच्या कुही तालुक्यांतील कित्येक गावे आपल्या जुन्या जागा सोडून उठली. धरण व्हावे की न व्हावे, हा येथे वादाचा विषय नाही; ज्यांच्या बांध्यांना पाणी मिळाले त्यांचेही म्हणणे खरे आहे आणि ज्यांची घरे गेली त्यांचेही. मला सांगावयाचे आहे ते निराळेच. भूसंपादनाच्या कामी घरे, विहिरी, गोठे आणि झाडे यांची मोजदाद करून त्यांचे मूल्य ठरवावे लागते: आंबा फळधरता आहे की नाही, मोह किती घेराचा, साग इमारती लाकडाच्या लायकीचा आहे काय. म्हणजे त्या गावांच्या झाडांची संख्या कागदावर आली, जात आली, रुपयांत किंमत आली. परंतु नदीकाठच्या त्या आंब्यांना मोहोर केव्हा फुटत असे, शिवेवरच्या मोहाखाली फुले वेचायला बायका कोणत्या आठवड्यात जात, देवळापुढचा पिंपळ गावाच्या जत्रेच्या वेळी पालवलेला असे की उघडा, हे कोणत्याही पंचनाम्यात नाही. कारण पंचनाम्याच्या कोष्टकात तसा स्तंभ कोणी आखलेला नव्हता.

कॅमेरे तेव्हा नव्हते असे नाही. तालुक्याच्या गावी छायाचित्रकार होते, लग्नकार्याला ते बोलावले जात, आणि विस्थापित कुटुंबांच्या पेट्यांतून ती चित्रे अजूनही निघतील. त्यांत नवरा-नवरी आहेत, व्याही आहेत, मुंजी झालेली मुले आहेत. क्वचित कोठेतरी कोपऱ्यात मांडवाच्या खांबामागे एखादी फांदी डोकावत असेल. जे कधीमधी घडते त्याचेच चित्र घ्यावे या नियमाचे पालन त्या लोकांनी काटेकोर केले, आणि त्याचा परिणाम असा झाला की, जे रोज डोळ्यांपुढे होते तेच समूळ नाहीसे झाले. लग्ने पुनर्वसित गावांतही झाली. तो आंबा मात्र पुन्हा होणार नाही. आमच्या स्नेह्यांना मी विचारतो की, आज कोंढ्यात जे रोज दिसते ते उद्याही दिसणारच आहे अशी हमी त्यांना कोणी दिली आहे? रस्त्याच्या रुंदीकरणात कडेची झाडे पडतात, बांध्या भरून त्यांवर चाळी उभ्या राहतात, बोडी बुजते, आणि पूर्वी धानानंतर लाखोळीच्या निळ्या फुलांनी जी बांधी माघात भरलेली असे, तिच्यात पाण्याची सोय झाली की उन्हाळी धान उभे राहते. यांतले प्रत्येक परिवर्तन इष्ट असेल, मला त्याविषयी तक्रार करावयाची नाही. परंतु ते होण्यापूर्वीचा गाव कसा होता हे आमच्या नातवांना कोणत्या कागदावरून कळणार आहे, याचे उत्तर असामान्याच्या उपासकांनी द्यावे.

रोज एकाच वस्तूचे चित्र घेण्यात कला नाही, असाही एक शेरा त्यांनी जाता जाता मारला. त्याला उत्तर द्यायला दादासाहेब फाळके पुरेसे आहेत. १९१२ साली विलायतेहून चलच्चित्रणाचे यंत्र घेऊन परतल्यावर, भांडवलदारांना या नव्या विद्येची खात्री कशी पटवावी या विवंचनेत असताना त्यांनी राजवाडे किंवा मिरवणुका शोधल्या नाहीत. कुंडीत एक दाणा पेरला, यंत्र त्याच्यासमोर स्थिर मांडले, आणि दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण करून त्या अंकुराचे रोप कसे होते ते पडद्यावर दाखवले. ते पाहून पैसे पुढे करणारे स्नेही निघाले, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांपुढे आला. या देशातील चित्रपटविद्येचा पाया एका मराठी माणसाने घरातल्या कुंडीतल्या रोपाचे रोज चित्र घेऊन घातला. तेव्हा या उद्योगात कला आहे की नाही हा प्रश्न मी येथेच सोडतो.

यंत्रामुळे डोळे आळसावतात, हा आक्षेप मात्र मी आदराने ऐकतो, कारण त्यात तथ्य आहे. धबधब्यापुढे पाठ करून उभे राहायचे, स्वतःचे चित्र घ्यायचे आणि धबधबा न पाहताच परतायचे, हे आपण सर्वत्र पाहतो. परंतु तो दोष एकदाच जाऊन एकदाच घेतलेल्या चित्राचा आहे. त्यात वस्तू हस्तगत केल्याचे समाधान असते आणि म्हणून पुन्हा पाहण्याची गरज उरत नाही. ज्याला उद्या त्याच जागी यावयाचे आहे त्याला ते समाधान मिळतच नाही. कालच्या चित्राशी आजचे ताडून पाहिले म्हणजे आपल्याला काल काय दिसले नव्हते ते आज कळते, आणि उद्या कोठे पाहावयाचे हे ठरते. डोळा यंत्राच्या स्वाधीन होत नाही, उलट त्याची रोज उलटतपासणी होते. जागा एक, वेळ एक आणि चौकट एक, एवढे तीन नियम पाळले की आपली लहर आपोआप बाजूला पडते. आज सुंदर दिसत नाही म्हणून आज घ्यायचे नाही, ही सवलत राहत नाही. अवकाळी पावसाने किंवा गारपिटीने आंब्याचा मोहोर झोडपला तर तोही त्याच चौकटीत येतो.

यंत्राच्या मर्यादा मात्र स्पष्ट सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हा पुरावा पहिल्याच फेरतपासणीत कोसळेल. आजचे मोबाइल चित्र घेताना रंग स्वतःच्या मर्जीने चढवतात. पळसाचा केशरी प्रत्यक्षाहून भडक आणि पिंपळाच्या पालवीचा तांबूस प्रत्यक्षाहून गुलाबी निघतो. तेव्हा रंगाच्या छटेवरून निर्णय देऊ नये. फूल आहे की नाही, पान आहे की नाही, एवढ्यापुरतीच चित्राची जबानी ग्राह्य धरावी, आणि तेवढी ती पक्की असते. दुसरे असे की, व्हॉट्सअ‍ॅपवरून चित्र साधेपणी धाडले म्हणजे ते कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी घेतले याची मूळ नोंद त्यातून गळून पडते. दाखल्यावरची तारीखच पुसल्यासारखे ते होते. म्हणून मूळ चित्र वेगळे राखावे, आणि तारीख हाताने वहीत लिहावी. ही वही चित्राइतकीच महत्त्वाची आहे.

राहिला तो भरल्या पोटाच्या माणसांचा उद्योग हा आरोप. हा आरोप मला सर्वांत अधिक बोचला, कारण तो ज्यांच्या नावाने केला जातो त्यांना आरोप करणाऱ्याने विचारलेले नसते. मोहफूल वेचायला जी माणसे पहाटेपूर्वी टोपल्या घेऊन रानात जातात, त्यांच्याइतका वसंताचा बारीक हिशेब या तालुक्यात दुसरे कोणी ठेवीत नाही: कोणते झाड आधी फुले टाकते, कोणते मागून, ढगाळ हवेने फूल कसे पडते, कोणत्या वर्षी वेचणी किती दिवस चालली. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करण्याच्या पद्धतीमुळे वणवे लागतात हे खरे, आणि त्याबद्दल त्यांना बोल लावणारे पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्याजवळ जे ज्ञान आहे त्याची नोंद घ्यायला कोणी गेलेले नाही. ऋतू हा त्यांच्यासाठी विरंगुळा नसून मजुरी आहे, आणि मजुरीचा हिशेब लिहून ठेवणे हा चैनीचा उद्योग कोणी मानत नाही. जिच्या हाती मोबाइल आहे अशी मुलगी आज त्यांच्यापैकी बहुतेक घरांत आहे; तिने आपल्या मोहाच्या झाडाचे रोज पहाटे एक चित्र घेतले तर तिला त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, ती तेथे गेलेलीच असते.

शिवाय सरकारनेही हा प्रश्न निकालात काढला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर जी ई-पीक पाहणी सुरू झाली, तिच्यात कास्तकाराने आपल्या बांधीत उभे राहून उभ्या पिकाचे छायाचित्र आपल्याच मोबाइलने घ्यावे आणि सातबाऱ्यावरील पिकाच्या नोंदीस त्याचा आधार व्हावा, अशी तजवीज आहे. पूर्वी तलाठ्याच्या पाहणीवर जी नोंद अवलंबून असे, ती आता शेतकऱ्याच्या स्वतःच्या चित्रावर उभी राहते. म्हणजे सामान्य बांधीचे, सामान्य माणसाने घेतलेले, सामान्य दिवसाचे चित्र हा दस्तऐवज आहे ही गोष्ट राज्याने मान्य केली आहे. त्यात उणीव आहे ती एवढीच की, ते हंगामातून एकदा घेतले जाते, आणि त्यात धुऱ्यावरच्या झाडाच्या ऋतूला जागा नाही. ती उणीव भरून काढणे हे सरकारचे काम आहे असे मी म्हणत नाही. देशात सीझनवॉच नावाचा एक उपक्रम चालू आहे. त्यात शाळेतली मुले व सामान्य नागरिक आपल्या ओळखीचे एक झाड निवडून त्याची पाने, फुले व फळे कोणत्या अवस्थेत आहेत याची आठवड्याला नोंद करतात. केरळातील शाळांनी त्यात जो उत्साह दाखवला तो पवनी तालुक्यातील शाळांनी दाखवू नये असे काही कारण मला दिसत नाही.

तुमच्यामागे हे सारे कोण पाहील, असे त्यांनी शेवटी विचारले, आणि तो प्रश्न विचारताना त्यांच्या स्वरात उपरोध नव्हता, काळजी होती. माझे उत्तर असे आहे की, ही नोंद व्यक्तीच्या नावे ठेवूच नये. गावच्या शाळेत एक बांधीव वही असावी; तिच्यात तारीख, तिथी, वेळ, झाड, आणि पान, कळी, फूल व फळ यांचे रकाने आखलेले असावेत, शेवटी शेऱ्याला जागा असावी. तिथी आणि तारीख दोन्ही असाव्यात, म्हणजे होळीमुळे होणारा घोटाळा टळेल. आठवड्यातील एक चित्र कागदावर छापून तिच्यात चिकटवावे, कारण मोबाइल बिघडतात आणि हरवतात. दरवर्षी माघ शुद्ध पंचमीला ती वही वरच्या वर्गातून खालच्या वर्गाकडे सोपवावी. आणि आमच्या या स्नेह्यांना माझी एक विनंती आहे. त्यांच्या बालपणी होळीच्या आत कोंढ्याच्या शिवारात मोह कधी पडत नसे, असे त्यांनी याच संभाषणात दोनदा ठामपणे सांगितले. हा जबाब फार मोलाचा आहे. तो त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर आपल्या हाताने लिहावा, कोणते झाड व अंदाजे कोणती साले ते नमूद करावे, खाली सही करावी, आणि येत्या फाल्गुनात त्याच झाडाखालून घेतलेली चित्रे समोर ठेवून तो आमच्याबरोबर बसून ताडून पाहावा.